न केलेली सही

आमच्या मराठी मंडळात वक्तृत्व स्पर्धा असते तेव्हा खरी स्पर्धा आईबापांची असते. भाषण आम्ही लिहायचं, रोमन लिपीत टाइप करून मुलांच्या हातात द्यायचं, आणि मुलांनी ते पाठ करून वॉटफर्डमधल्या एका शाळेच्या हॉलमध्ये म्हणून दाखवायचं. परीक्षकांना हे सगळं ठाऊक असतं. मी कॉलेजात करंडक आणलेली बाई आहे. दुसऱ्याच्या तोंडून का होईना, हरायला मला जमत नाही.

त्या वर्षी मे महिन्यात विषय निघाला, ‘सक्तीची लष्करी सेवा आली तर लोक युद्धाला विरोध करतील.’ इथे इंग्लंडमध्ये तशी सक्ती नाही, पण टीव्हीवर कुणी ना कुणी पुढारी अठरा वर्षांच्या मुलांना सेवेला जुंपायची भाषा करत होता, म्हणून मंडळाला विषय ताजा वाटला. माझ्या मुलीच्या वाट्याला अनुकूल बाजू आली. ती साडेसतरा वर्षांची, ए-लेव्हलची, म्हणजे इथल्या बारावीची, परीक्षा तोंडावर. तरी मी तिला उभं केलं.

माझं स्वतःचं मत विचाराल तर मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते सगळ्यांना पाठ होतं. तिकडे भारताच्या सीमेवर जरा कुरबूर झाली की ‘एकदाचा सोक्षमोक्ष लावून टाका’ असं लिहिणाऱ्यांत मी पहिली. हे मी मिल्टन कीन्सच्या घरी भाजीला फोडणी देता देता लिहायचे. नवरा विचारायचा, “तू जाणार आहेस का?” मी म्हणायचे, “माझा गुडघा दुखतो.” आणि दोघं हसायचो.

पण स्पर्धा म्हणजे स्पर्धा. एका बैठकीत मी भाषण लिहून काढलं. युद्ध दुसऱ्याच्या मुलाने लढायचं असतं तोवर ते सगळ्यांना हवं असतं. प्रत्येक घरातून एक मूल उचला, मग बघा युद्धाला किती हात वर होतात. मुद्दा चांगला होता. शेवटी टाळ्यांसाठी एक वाक्य घातलं, “आणि मी स्वतः जायला तयार आहे.” तालमीत मुलगी नेमकी तिथे थांबली.

“आई, हे ठेवायचं?”

“ठेव. टाळ्या तिथेच पडणार.”

टाळ्या तिथेच पडल्या. बक्षीस मात्र दुसऱ्या क्रमांकाचं मिळालं. परीक्षकांमध्ये एक ऐंशीच्या पुढचे आजोबा होते, मूळचे मुंबईचे, मराठी बोलणाऱ्या ज्यू कुटुंबातले. त्यांची मुलं आता इंग्रजीच बोलतात, म्हणून मराठी ऐकायला ते आमच्याकडे येतात. चहाच्या वेळी ते माझ्या शेजारी येऊन बसले.

“भाषण तू लिहिलंस ना?”

मी कबूल केलं.

“माझ्या धाकट्या भावाचं कुटुंब इस्राएलमध्ये आहे. तिथे सगळ्यांना जावं लागतं. तुझ्या हिशोबाने तिथे घरोघरी विरोध असायला हवा.”

“नसतो का?”

“असतोही. पण माझ्या भावाचं सांगतो. पूर्वी फोनवर तासभर सरकारला शिव्या द्यायचा. नात सैन्यात गेली त्या दिवसापासून तो विषयच काढू देत नाही. मूल तिकडे उभं असताना हे चूक आहे असं म्हणायचं कसं?”

मी मान हलवली आणि मनात म्हटलं, म्हणजे पहिलं बक्षीस या म्हाताऱ्याने घालवलं तर. पुढची दहा मिनिटं मी त्यांच्याशी धड बोललेही नाही.

परतताना मोटरवेवर नवरा गाडी चालवत होता. मी शेजारी, मुलगी मागे. मी परीक्षकांना नावं ठेवत होते. मध्येच मुलगी म्हणाली, “आई, मी आर्मीला अप्लाय केलंय. सिलेक्ट झाले. सप्टेंबरमध्ये जॉइन करायचंय.”

मला वाटलं, ती भाषणातलंच काहीतरी म्हणतेय.

“मी एटीन नाहीये ना अजून, म्हणून पेरेंट्सची साइन लागते. बाबाने केली. तुझी राहिली. फ्रायडेपर्यंत पाठवायचंय.”

मी नवऱ्याकडे बघितलं. तो समोरच्या लॉरीकडे बघत होता. आमच्या गावात गोल चौक फार. प्रत्येक चौकात गाडी वळताना मला वाटत होतं, मागे फिरून त्या हॉलमध्ये जावं आणि सकाळपासून सगळं पुन्हा सुरू करावं.

दोष माझाच होता. शाळेच्या कॅडेट्समध्ये तिला मी घातलं होतं. इथे आमच्यातले सगळे आईबाप घालतात. दर आठवड्याला गणवेश घालून कवायत, उन्हाळ्यात डोंगरात शिबिर, आणि विद्यापीठाच्या अर्जात दोन ओळी झकास दिसतात. पोहणं, पियानो, कॅडेट्स, अशी आमची यादी. मुलं ते मनावर घेतील हे आमच्या डोक्यातच येत नाही. मी तिचा गणवेश चार वर्षं इस्त्री करत होते.

“ते फॉर्मवर चांगलं दिसावं म्हणून होतं,” सोमवारी मी तिला सांगितलं.

“मला माहितेय. पण मला आवडलं ते.”

“आणि युनिव्हर्सिटी?”

“नंतर.”

तो संमतीचा कागद जेवणाच्या टेबलावर होता. जेवताना तो बाजूला सरकवायचा, जेवण झालं की पुन्हा मध्ये. कुणीच तो उचलून ठेवत नव्हतं. मी ओरडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. नवऱ्याला म्हटलं, “मला न विचारता सही केलीस.” तो म्हणाला, “तुला विचारलं असतं तर भाषण ऐकावं लागलं असतं.” वीस वर्षांत त्याने मला इतकं लागेल असं काही म्हटलं नव्हतं.

त्याच आठवड्यात ग्रुपवर कुणीतरी नेहमीसारखं ‘घुसून मारा’ लिहिलं. मी उत्तर दिलं, ‘तुझी मुलं कितवीत आहेत?’ त्यावर चार हसरे चेहरे आले. त्यांना वाटलं मी गंमत करतेय. बातम्या लागल्या की मी उठून टीव्ही बंद करायचे. कुठल्याही देशाचं, कुठलंही युद्ध मला नको होतं. मी लिहिलेला मुद्दा चार दिवसांत माझ्यावरच खरा ठरला होता, आणि त्याचा मला भयंकर संताप येत होता.

गुरुवारी दुपारी मी घरून काम करत होते. मुलगी परीक्षेचा पेपर देऊन आली आणि माझ्या समोरची खुर्ची ओढून बसली.

“नोव्हेंबरमध्ये मी एटीन होईन. मग तुझी साइन लागणारच नाही. मी जाणार आहे, आई. पण तुझ्याशी भांडून नाही जायचं मला.”

मी तिचे हात बघत बसले. तळव्यावर तिने पेपरासाठी काहीतरी पेनाने लिहिलं होतं, ते अर्धवट पुसलं होतं. मला तिला उचलून खोलीत कोंडून ठेवावंसं वाटलं. मग मी कागद ओढला आणि सही केली. माझी सही आडनावासकट लांबलचक आहे. ती होईपर्यंत तिने श्वास रोखून धरला होता.

याला आता दीड वर्ष झालं. मुलगी पूर्व युरोपातल्या एका तळावर आहे. तिथून थोड्याच अंतरावर सीमा आहे, आणि सीमेपलीकडच्या बातम्या चांगल्या नसतात. मी त्या देशाचा नकाशा पाठ केला आहे. तिथलं तापमान रोज सकाळी आमच्या तापमानाच्या आधी बघते.

गेल्या शनिवारी सकाळी शेजारच्या बाई दारात आल्या. निवृत्त शिक्षिका, इंग्रज, आम्ही राहायला आलो तेव्हा पहिला केक त्यांनी आणला होता. हातात एक अर्ज आणि खाली पंचवीस-तीस सह्या. सैन्य परत बोलवा, आपली मुलं या युद्धात ओढू नका, असं खासदाराला कळवायचं होतं. “तू तर करशीलच,” त्या म्हणाल्या आणि पेन पुढे केलं.

मी अर्ज वाचला. दुसऱ्याच परिच्छेदात होतं की हा निर्णय घेणाऱ्यांची मुलं तिथे असती तर त्यांनी तो घेतला नसता. जवळजवळ माझंच वाक्य. मी पेन हातात घेतलं, आणि माझा हात काही कागदावर टेकेना. खाली सही केली की मीच लिहून दिल्यासारखं होणार होतं, की माझी मुलगी तिथे थंडीत उगाच उभी आहे. मग ती रोज सकाळी उठते कशासाठी? मी रोज सकाळी उठते कशासाठी?

“घरी बसून असं म्हणणं सोपं असतं,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. “तिथे काय चाललंय ते सरकारला आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं.”

बाईंनी पेन घेतलं, गुडघ्याची चौकशी केली आणि गेल्या. दार लावल्यावर मला ते वॉटफर्डचे आजोबा आठवले, आणि मी त्यांच्याशी चहा संपेपर्यंतसुद्धा नीट बोलले नव्हते तेही.

रविवारी दुपारी मुलीचा फोन येतो. मी तिला सगळं सांगितलं. खरं म्हणजे मोठ्या ऐटीत सांगितलं, तिची बाजू कशी राखली म्हणून.

“आई,” ती म्हणाली, “तू साइन करायला पाहिजे होतं.”

“का?”

“आम्हाला इथून नाही करता येत.”