एका डाइव्हला तीन मार्क

आमच्या क्लबने गेल्या वर्षी गोलकीपर शोधला. खारघरला शोधला, ठाण्याला शोधला, मोबाइलवर व्हिडिओ मागवून शोधला, एकदा तर थेट गोव्याला फोन लावून शोधला. फक्त स्वतःच्या गोलपोस्टमध्ये बघायचं राहून गेलं. तिथे अकरा वर्षं कुंदन उभा होता.

मी अश्विन. ह्याच क्लबचा लेफ्ट बॅक, राहणार कोपरखैरणे. कुंदनच्या पुढे पंधरा पावलांवर मी अकरा वर्षं खेळलोय. त्यामुळे त्याच्याबद्दल बोलायचा हक्क मला आहे, आणि ज्यांना तो मान्य नसेल त्यांनी खुशाल नाक मुरडावं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. कुंदन म्हणजे कोणी गरीब बिचारा वगैरे नाही, डोळ्यांत पाणी आणू नका. सारसोळे गावात त्याचं तीन मजली घर आहे, खालच्या खोल्या भाड्याने दिल्यात, आणि तो स्वतः तुर्भ्याला एका कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर आहे. वय तेहतीस. उंची पाच फूट सात इंच, तीही बूट घालून. त्याला कोणाकडून काही नको होतं. रविवारी चार वाजता गोलमध्ये उभं राहायला मिळालं की माणूस आठवडाभर खूश.

गोलकीपर तो कसा झाला हे ऐका, म्हणजे पुढचा सगळा मूर्खपणा नीट कळेल. लहानपणी ही पोरं खाडीच्या कडेला खेळायची. गोलच्या मागे लगेच चिखल, गुडघाभर. गोल झाला की चेंडू चिखलात, आणि तो काढायला कोणी जायचं? ज्याने गोल खाल्ला त्याने. बरं, चेंडू अडवायला जमिनीवर झोकून द्यावं, तर कपडे भरायचे, आणि घरी आई, बायजाबाई, झाडूची मूठ घेऊन उभी. म्हणजे गोलही खायचा नाही आणि पडायचंही नाही. ह्या दोन्हींतून मार्ग एकच होता, चेंडू जिथे येणार तिथे आधीच जाऊन उभं राहायचं. सात-आठ वर्षांच्या पोराने मार चुकवण्यासाठी जे शिकून घेतलं, ते भल्याभल्यांना कोचिंग घेऊन जमत नाही.

कुंदनला मॅचमध्ये बघितलंत तर तुम्ही म्हणाल, हा करतो काय? समोरचा सॉलिड शॉट मारतो आणि चेंडू सरळ ह्याच्या छातीवर. दुसरा मारतो, पुन्हा छातीवर. बघणाऱ्याला वाटतं समोरचे आंधळे आहेत. अहो, आंधळे ते नाहीत! शॉट बसायच्या आधी हा अर्धं पाऊल सरकलेला असतो, ते तुम्हाला दिसत नाही. वर तोंडाची टकळी सतत चालू. 'अश्विन, आत ये. अजून. आता थांब.' मी अकरा वर्षांत जे काही दिवे लावले ते त्या आवाजावर.

तर गेल्या वर्षी आम्ही चौदा मॅचमध्ये फक्त नऊ गोल खाल्ले आणि वरच्या डिव्हिजनमध्ये गेलो. पेढे वाटले, फोटो काढले. आणि तिसऱ्याच दिवशी आमचे सेक्रेटरी दिलीपकाका म्हणाले, "आता आपल्याला टॉप क्वालिटी गोलकीपर लागेल."

दिलीपकाका बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयातून रिटायर झालेत. माणूस वाईट नाही. पण पस्तीस वर्षं नमुना अ, नमुना ब आणि सोबत जोडावयाची कागदपत्रं ह्यातच गेल्यामुळे, जी गोष्ट रकान्यात बसत नाही ती जगात आहे हेच त्यांना पटत नाही. त्यांनी एक तक्ता तयार केला. उंची वीस मार्क. डाइव्ह तीस मार्क, एका डाइव्हला तीन, कमाल दहा. किक वीस. संवाद दहा, व्यक्तिमत्त्व दहा, इंग्रजी दहा. एकूण शंभर, पास व्हायला साठ. खाली निवड समितीच्या तीन सह्या. वर त्याच्या पन्नास झेरॉक्स काढून आणल्या.

मी वाचला, उलटा करून मागे बघितलं. विचारलं, "काका, किती गोल खाल्ले त्याचा रकाना कुठाय?"

"गोल खाणं हे सगळ्या टीमवर अवलंबून असतं, अश्विन. त्याचे मार्क एकट्या गोलकीपरला कसे लावणार? ते अन्यायकारक होईल."

आणि डाइव्हला तीस का? तर काकांनी टीव्हीवर परदेशातल्या मॅचचे हायलाइट्स महिनाभर अभ्यासले होते, वहीत नोंदी करून. सगळे मोठे गोलकीपर त्यांना हवेतच दिसले. झालं, संशोधन पूर्ण! हायलाइट्समध्ये उभा राहिलेला माणूस दाखवत नाहीत, हे त्या वहीला कोण सांगणार?

समितीत दुसऱ्या शुभदाताई. ऐरोलीला एका कंपनीत एचआरमध्ये आहेत. फुटबॉलशी संबंध म्हणाल तर मुलगा अंडर-टेनला येतो. 'व्यक्तिमत्त्व' हा रकाना त्यांचा. कुंदन ग्लोव्हज धुऊन गच्चीवर वाळत घालायचा, आणि तिथेच बायजाबाईंची सुकट वाळत असायची, त्यामुळे त्या ग्लोव्हजना एक वास होता. आम्हाला तो कळायचासुद्धा बंद झाला होता. ताईंनी पाच मार्क तिथेच कापले.

आणि समितीत तिसरा कोण? खेळाडूंचा प्रतिनिधी. म्हणजे मी. हो, मीच. पुढे येईलच ते.

ट्रायलला बारा जण आले. प्रत्येकाला वीस शॉट. कुंदन दुसऱ्या नंबरला उभा राहिला, तुर्भ्याची ड्युटी संपवून आलेला. वीस शॉट, दोन गोल. अठरा चेंडू त्याने पिशवीत बटाटे भरावेत तसे गोळा केले. काका पेन घेऊन वाट बघत होते, आता पडेल, मग पडेल. पठ्ठ्या पडलाच नाही. डाइव्ह शून्य. एकूण छत्तीस.

नंतर आला यशराज. खारघरचा, वय एकवीस, उंची सहा फूट दोन इंच, केसांना पट्टा. वीस शॉट, सात गोल. पण काय उडाला! शॉट डावीकडे, हा उजवीकडे उडाला. शॉट वरून गेला, तरी हा उडाला. शुभदाताईंनी टाळ्या वाजवल्या. काकांनी दहानंतर मोजणं थांबवलं. एकूण चौऱ्याऐंशी.

कागद माझ्यापुढे आला. मी म्हणालो, "काका, हे चुकतंय." काका म्हणाले, "बेरीज तपासून बघ." बेरीज बरोबर होती. मी सही केली. का केली? कारण मी बत्तीस वर्षांचा लेफ्ट बॅक आहे, आणि इतर खेळाडूंची ट्रायल पुढच्या महिन्यात होती. घाबरलो, दुसरं काय! बाकीच्यांना नावं ठेवतोय म्हणून मी धुतल्या तांदळासारखा आहे असं समजू नका.

कुंदनने कागद वाचला. खालच्या सह्या बघितल्या. माझी सही बघताना थोडा जास्त वेळ लावला. मग म्हणाला, "बरं हाय. परॅक्टिसला येऊ ना पन मी?"

मला त्याने शिवी दिली असती तरी चाललं असतं.

मग वरच्या डिव्हिजनमध्ये यशराजने सात मॅचमध्ये एकोणीस गोल खाल्ले. प्रत्येक गोल हवेत असताना. फोटो मात्र एक नंबर! क्लबच्या ग्रुपवर दर रविवारी तेच, आडवा यशराज, मागे निळं आकाश, आणि चेंडू कुठे ते फोटोत येत नाही. आमच्या मैदानाची पूर्वेची बाजू पूर्वी भातखाचर होती. तिथे जमीन अजून मऊ आहे, चेंडू उसळतच नाही, बसतो. यशराज वरून उडायचा आणि चेंडू खालून आरामात जायचा. कुंदन कडेला बसून सांगायचा, "अरे, तिथं पडू नको, दोन पावलं फुडं ये." ऐकतो कोण? तो चौऱ्याऐंशी मार्कवाला.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. पुण्याच्या एका क्लबने ते फोटो बघून यशराजला उचलला. एकोणीस गोल खाल्लेला माणूस बढती घेऊन गेला! मी कपाळावर हात मारून घेतला.

काकांनी नव्याने शोध सुरू केला. ठाण्याचा एक मुलगा जवळजवळ ठरला, पण मध्ये एक रविवार येत होता, आणि मॅच होती टेबलमध्ये पहिल्या नंबरला असलेल्या टीमशी. नाइलाजाने काका कुंदनला म्हणाले, "ही एक मॅच तू खेळ. तक्ता आम्ही भरणारच. साठच्या वर गेलास तर सीझनभर तूच. खाली गेलास तर ठाण्याचा मुलगा येईल. नियम सगळ्यांना सारखा."

मी शनिवारी त्याच्या घरी गेलो. कुंदन गच्चीवर ग्लोव्हज वाळत घालत होता. म्हटलं, "उद्या दोन-चार डाइव्ह मार ना यार. गरज नसली तरी मार."

त्याची बायको जागृती तिथेच होती. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पायरीवरच थांबलो. म्हणाली, "सही करताना नाय आठवला तुमाला? आता शिकवाया आले! त्याना लोळनाराच पायजे तर म्हशी काय कमी हायत?"

कुंदन हसला. मग हसणं थांबलं. "अश्विन, मना ह्या डिव्हिजनमधी उभा रायचा होता रे. अकरा वर्सं त्यासाठीच केली. पन चेंडू हातात येत असताना मी पडू कसा? पडलो आन् गेला, तर?"

मी चहा पिऊन निघालो.

रविवारी चार वाजता मॅच सुरू झाली. समोरच्या टीमने आमच्यावर चोवीस शॉट मारले, मी मोजले, कारण त्यातले निम्मे माझ्याच बाजूने आले. कुंदन उभा. छातीवर, पोटावर, ओंजळीत. 'अश्विन, आत ये. अजून. आता थांब.' सात मॅचनंतर तो आवाज मागून आला आणि खरं सांगतो, माझे पाय आपोआप आत सरकले. शेवटच्या मिनिटाला त्यांचा स्ट्रायकर पूर्वेच्या गोलसमोर एकटा सुटला. मी मागे पळतोय, पोचणं शक्य नाही. त्याने जमिनीलगत शॉट हाणला. कुंदन आधीच दोन पावलं पुढे आला होता. चेंडू मऊ मातीत बसला आणि ह्याने वाकून उचलला. शिट्टी वाजली. शून्य-शून्य. पहिल्या नंबरची टीम आमच्याकडून कोरडी गेली!

आम्ही कुंदनकडे धावलो. तेवढ्यात काका तक्ता घेऊन मैदानात आले. चेहरा खरोखर पडलेला, ढोंग नव्हतं ते.

"कुंदन, खेळ चांगला झाला. पण डाइव्ह शून्य आहेत. बेरीज छत्तीसच येते. माझा नाइलाज आहे."

शुभदाताई म्हणाल्या, "आज त्याचं फारसं काम पडलंच नाही ना." चोवीस शॉट, बाई! मी तोंड उघडणार, तेवढ्यात कुंदनने हात वर केला.

"काका, एका डाइव्हला तीन ना?"

"तीन. कमाल दहा."

"उभे ऱ्हावा मग इथंच."

तो रिकाम्या गोलमध्ये परत गेला. चेंडू रेफरीच्या पिशवीत गेलेला. कुंदनने दोन हात पुढे केले आणि डावीकडे झोकून दिलं. धप्प! उठला. उजवीकडे. धप्प! उठला. दोन्ही टीम बघत उभ्या राहिल्या. तेहतीस वर्षांचा माणूस, समोर कोणी नाही, चेंडू नाही, आणि हा पडतोय, उठतोय, पडतोय. पाचव्याला कोपर फुटलं. सातव्याला कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. जागृती कडेला उभी राहून मोठ्याने मोजत होती, "आठ! नऊ! दहा!"

कुंदन उठला, तोंडातली माती थुंकला आणि काकांसमोर येऊन उभा राहिला. "लिवा."

काका म्हणाले, "अरे, पण मॅच संपली. चेंडूही नव्हता."

"कागदावर कुठं लिवलंय, चेंडू पायजे म्हनून?"

काकांनी चष्मा लावला. तक्ता वरून खाली वाचला. मग उलटा करून बघितला, मागे काहीच नव्हतं. पस्तीस वर्षं कागदाच्या बाहेर न गेलेला माणूस, आता कुठे जाणार? त्यांनी पेन काढलं आणि डाइव्हच्या रकान्यात लिहिलं, तीस. बेरीज केली, पुन्हा केली. सहासष्ट.

काकांनी सही केली. शुभदाताईंनी केली. कागद माझ्याकडे आला. कुंदनच्या कोपरातून रक्त येत होतं आणि तो माझ्या हाताकडे बघत होता, ट्रायलच्या दिवशी बघितलं होतं तसाच. मी पूर्ण नाव लिहून सही केली.