ग्लासावरचा तळहात

गेल्या रविवारी दुपारी तीन वाजता शलाकावर अन्याय झाला. आपल्या रस्त्यावरच्या बारमध्ये ती दारू वाढायची. रविवारी तिथे एकदाच पैसे भरायचे आणि संध्याकाळपर्यंत हवी तेवढी प्यायची. त्या दिवशी मी तिथे जेवत होते. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला धड बसताही येत नव्हतं. त्याने आणखी मागितली, तेव्हा शलाकाने त्याच्या ग्लासावर तळहात ठेवला.

"दादा, आता बास."

"पैसे भरलेत मी. तुझं काय जातंय?"

"माझं काही नाही, तुमचं जाईल. गाडीची चावी द्या, रिक्षा बोलावते."

त्याने आरडाओरडा केला आणि मॅनेजरने शलाकालाच कामावरून काढलं. झिंगलेल्याला दारू वाढायची नाही, हा कायदा आहे. तो पाळला म्हणून ही शिक्षा.

आपल्याकडे पंगतीत पाहुणा नको म्हणत असताना वाढत राहतात आणि त्यालाच माया म्हणतात. मला मात्र ग्लास झाकणारा तो हात जास्त मायेचा वाटला. ओळख ना पाळख, तरी तो माणूस घरी नीट पोचावा एवढंच तिला हवं होतं.

शेजाऱ्यांनो, तुम्हीही तिथे जाता. आजच जा आणि मॅनेजरला तोंडावर सांगा, शलाकाला परत घ्या. ती येईपर्यंत तिथे बसू नका.