सायलेन्सरवरची तपेली

शालन आणि मी मिळून शेवटचं काम केलं ते दूध तापवण्याचं. शालन माझी बायको. दूध थोडंच होतं, पातेलं मोठं पडलं. ती म्हणाली, "माझी तपेली असती तर बरोबर मावलं असतं. नेली त्या सटवीनं." सटवी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, आमच्या भिंतीपलीकडं राहणारी वैनी. दूध उतू जाऊ नये म्हणून मी चमचा धरून उभा होतो. ढवळत राहिलो. दुपारी शालन जेवून आडवी झाली, ती उठलीच नाही.

तपेली वैनीनं नेलीच नव्हती. मी नेली होती.

मी डोझर चालवायचो. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं शिक्षण लोखंडावर. तलावांची, पाटाची कामं असत, सहा-सहा महिने माळावर मुक्काम. एकदा जाताना चहा उकळायला म्हणून भांड्यांच्या पाटीतली जर्मनची (ॲल्युमिनियमची) तपेली पिशवीत टाकली. विचारलं नाही. ती शालनच्या भावानं दिलेली, बुडावर ठिपक्याठिपक्यांनी तिचं नाव घातलेलं. मागं घरी शोधाशोध झाली आणि शालननं नळावर, अख्ख्या आळीसमोर, वैनीला चोर म्हटलं. वैनीनं पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, तरी हिनं ऐकलं नाही. मी सुट्टीवर आलो तेव्हा दोघींचं बोलणं बंद झालेलं. त्याच दिवशी तोंड उघडलं असतं तर दोघींनी मला झोडपलं असतं आणि मिटलं असतं. मी जेवलो आणि झोपलो. पुढच्या खेपेला आणून गुपचूप फळीवर ठेवू, असा हिशेब होता.

पण पाऊस तोंडावर आला आणि डोझरच्या चेनची पिन तुटली. काम बंद. ठेकेदारानं सगळ्यांना घरी जायला सांगितलं. आता या मशीनचा सायलेन्सर म्हणजे आभाळाकडं तोंड करून उभा असलेला पाइप. त्यातून पाणी आत गेलं की इंजिन गंजून जाम. म्हणून मशीन सोडताना पाइपाच्या तोंडावर डबा पालथा घालायचा, ही ड्रायव्हर लोकांची रीत. त्या दिवशी डबा नव्हता. हातात तपेली होती. पालथी घातली, तारेनं आवळली आणि एस्टी पकडली. मशीन ठेकेदारानं तिथल्याच एका शेतकऱ्याला विकलं आणि मला दुसरीकडं पाठवलं. मग आज जाऊ, उद्या जाऊ करत वीसेक वर्षं गेली. त्यात बायको संपली.

तेराव्याला वैनी दारापर्यंत आली. जेवायला बसा म्हणालो, तर म्हणाली, "भाऊजी, बोलणारी गेली. बोलणं हाय तिथंच हाय." आणि पाणीसुद्धा न पिता परत गेली.

पुढच्या आठवड्यात मी तपेली आणायला निघालो. पिशवीत एक पाना, पॉलिश पेपर आणि दोन-तीन हात दोरी घेतली. जुन्या माणसाकडं, मग ते मशीन का असेना, रिकाम्या हातानं जात नाहीत.

उंब्रजच्या फाट्यावर हायवेचं काम चाललेलं. पोकलेन माती उचलत होतं. आत काच लावून बसलेला ड्रायव्हर दोन बोटांनी एवढीशी दांडी हलवायचा आणि केवढा तो हात खाली यायचा. सगळं तेलाच्या दाबावर. आमच्या काळी डोझरचं पातं वर घ्यायला मागं दोरखंडाचा रहाट असायचा. तारेचा दोर कप्प्यांवरून पुढं जायचा, दांडा ओढला की पातं उचलायचं आणि सोडला की आपल्या वजनानं धाडकन पडायचं. तेलाचं पातं दाबता येतं, आमचं नुसतं पडायचं. कठीण मुरुमात ते वर वर नाचायचं आणि ड्रायव्हरची आतडी हलायची. पण काय नाचायचं! मी बघत राहिलो आणि एक गाडी चुकली.

दुसऱ्या गाडीत कंडक्टरनं विचारलं, "आजोबा, पंच्याहत्तर झाली का? कार्ड दाखवा." दाखवलं. पिशवीतला पाना त्याच्या पायाला लागला. "ह्यो कशाला वं?"

"एकजण आजारी हाय, त्याला बघायला चाललोय."

"मग विट्यापर्यंत झोपू नका," तो म्हणाला. "आमची बी गाडी आजारीच हाय."

कऱ्हाड सोडलं की उसाच्या ट्रॉल्या लागतात. नदी मागं पडते, रान चढत जातं, माती तांबडी व्हायला लागते. मी इथं होतो तेव्हा या बाजूला कुसळं सोडून काही नव्हतं. आता पाटाचं पाणी आलंय, द्राक्षाच्या बागा दिसतात. एका वळणावर पाझर तलाव दिसला, काठोकाठ भरलेला, बगळे बसलेले. त्याचा बांध मी दाबलाय. एक थर पसरायचा, त्यावरून चेन फिरवायची, मग दुसरा थर. शेजारच्या बाईला सांगावंसं वाटलं, पण ती मोबाइलवर सुनेशी भांडत होती.

विट्याला उतरलो आणि आधी भांड्याच्या दुकानात गेलो. जुनी काढायची तर पाइप उघडा टाकून येता येत नाही, बदली पाहिजे. त्याच मापाची तपेली निवडली. दुकानदारानं नाव घालायचं मशीन हातात घेऊनच विचारलं, "नाव कुणाचं घालू?"

मी तपेली पालथी करून कोरं बूड बघितलं.

"तशीच द्या," म्हणालो.

पुढं एका मोटारसायकलवाल्यानं माळापर्यंत सोडलं. वाटलं होतं मशीन ओळखायला वेळ लागेल. छे! बाभळीत, कमरेपर्यंत गवतात, रंग उडून विटकरी झालेलं, पण नाक वर करून तसंच उभं. आणि पाइपावर, काळीठिक्कर पडलेली, पण होती. माझी बायको ज्या तपेलीसाठी वीसेक वर्षं कुढली ती तिथं पाऊस खात बसलेली. मी हात वर केला.

"आवं, आवं! झाकणाला हात लावू नका!" शेतातून एक माणूस पळत आला. पंचेचाळिशीचा, अंगात बनियन. प्रकाश नाव. बाप गेल्यावर दक्षिणेतली सोनं गाळायची गलाई (आटणीचं दुकान) भावाच्या हवाली करून गावी आलेला. "वडील जाताना सांगून गेलेत. मशीनचं काय बी करा, झाकण काढू नका. दर पावसाच्या आधी तार बदलायचे."

मी ओळख सांगितली. तो हसला. "म्हंजे गाव ज्याला भुताटकी म्हणतंय ते झाकण तुमचं व्हय! काका, वेळेवर आला. उद्या भंगारवाला गॅस-कटर घेऊन येतोय. सगळी म्हणत्यात इंजिन जाम हाय. तुमीच सांगा. फिरलं तर ठेवतो, न्हाईतर जाऊ दे. पण आधी सांगा, झाकण कशाला पायजे?"

"घरचं हाय," एवढंच बोललो.

तार कापली, तपेली उचलली आणि आतून गांधीलमाश्या निघाल्या. एक मनगटाला डसली, दुसरी बोटाला. तपेली सोडली नाही.

प्रकाशच्या बायकोनं, सुरेखानं, हाताला चुना लावला आणि वाटीभर माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ पेज) पुढं ठेवलं. तिनं तपेली पालथी करून ठिपके पुसले. "सौ. शालन. ह्या कोण?"

मग सगळं सांगावं लागलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा बोललो, तेही अनोळखी बाईपुढं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "आता नेऊन काय उपेग? त्या तर गेल्या."

"वैनी हाय की."

"मग तिच्या घरात जाऊन कुजबुजू नका. चोर म्हणलं ते नळावर. सांगायचं ते बी नळावर सांगा." वाटीत आणखी माडगं ओतलं. "आणि हात सुजू द्या. तुमास्नी पायजेच हाय."

मशीनकडं परत गेलो. प्रकाश सीटवर चढून दोन्ही दांडे ओढून बघत होता. "काका, स्टेअरिंग कुठाय?"

"हेच. डावा ओढला की डाव्या चेनची ताकद तुटती, उजवी रेटती, मशीन डावीकडं वळतंय. पण तीव्र उताराला नुसता डावा ओढलास तर उजवीकडं जाईल."

"उलटं?"

"उताराला मशीनला त्याचं वजनच खाली ढकलतं आणि इंजिन मागं धरून ठेवतं. ज्या बाजूचं धरणं सोडशील ती बाजू पुढं पळती. मग फिरंल कुठं?" पहिल्याच महिन्यात मी हे विसरलो होतो आणि मुकादमाच्या तंबूवरून गेलो होतो. मुकादम परसाकडं गेलेला म्हणून वाचला.

या मशीनला बॅटरी नाही, चावी नाही. मोठ्या डिझेल इंजिनाच्या कुशीला एक छोटं पेट्रोलचं इंजिन असतं. आम्ही त्याला बछडं म्हणायचो. दोरी गुंडाळून ओढली की बछडं सुरू होतं. त्याचं तापलेलं पाणी मोठ्याच्या अंगातून फिरतं, मग दात्यात दाता घालून बछडं मोठ्याला फिरवतं. आईला उठवणारं लेकरू. तोवर एक दांडी ओढून मोठ्याचे व्हॉल्व्ह उघडे ठेवायचे, म्हणजे ते हलकं फिरतं. अंग गरम झालं की दांडी सोडायची, आणि मग डिझेल पेटतं. ज्यानं हे योजलं त्याला थंडी म्हणजे काय ते ठाऊक असणार.

आधी इंजिनाच्या चाकाच्या दात्यांत पहार घातली. प्रकाश आणि मी, दोघांनी जोर लावला. नाही. पुन्हा लावला. प्रकाश म्हणाला, "जामच हाय, सोडा."

"दांडी ओढली का?"

"कंची?"

व्हॉल्व्हची दांडी मीच विसरलो होतो. तेवढी ओढली आणि पहार लोण्यातून गेल्यासारखी खाली आली. मोठं चाक फिरलं. आत कुठंतरी तेल चपचपलं. मी पहारीवर तसाच ओणवा राहिलो. वीसेक पावसाळे, आणि एक थेंब आत गेला नव्हता.

पाणी ओतलं, प्रकाशच्या मोटारसायकलमधलं पेट्रोल घातलं, ठिणगीचे पॉइंट पॉलिश पेपरनं घासले. दोरी सातव्या झटक्याला लागली. बछडं खोकलं, थांबलं, आणि मग फटफटायला लागलं. दाता घातला तसं मोठं फिरलं. उघड्या पाइपातून काजळी आणि वाळलेली माती उडाली आणि आमची तोंडं काळी झाली. पेटलं नाही. टाकीतलं डिझेल कधीच मेलेलं, पंप चिकटलेला. पण फिरलं. प्रकाश ओरडत होता, "सुरेखा, आगं बघ की!" आणि ती पदर नाकाला लावून हसत होती.

त्यानं तिथूनच भंगारवाल्याला फोन लावला. "येऊ नका. पंप दुरुस्त करणारा बघतोय."

नवी तपेली मी पाइपावर पालथी घातली, तार आवळली. डाव्या हातानं, कारण उजवा फुगलेला. प्रकाश म्हणाला, "काका, आता ही न्यायला किती वर्षांनी येणार?"

"ही तुझी."

परतीच्या गाडीत तपेली मांडीवर होती. मला वाटायचं, इंजिन जपलं ती माझी हुशारी. पण मी पाच मिनिटांत झाकलं आणि निघून गेलो. पुढं सगळी वर्षं तार बदलली ती प्रकाशच्या बापानं. आणि घरी माझं न बोललेलं वाक्य शालननं आणि वैनीनं वाहिलं, एकीनं रागानं, दुसरीनं मुकाट. लोखंडाला पाणी लागू नये म्हणून मी एवढा जपलो. घरच्यांच्या बाबतीत माझी अक्कल कुठं गेली होती? उंब्रज आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं तेव्हा मी तपेली घेऊन गेलो. बायका रांगेत होत्या. वैनीची घागर नळाखाली होती.

"ऐका," मी म्हणालो. "वैनीनं तपेली नेली नव्हती. मी नेली होती. ही बघा. शालननं चोर म्हणलं तवा मला ठावं होतं, आन् मी गप बसलो."

घागर भरून वाहायला लागली तरी कुणी नळ बंद केला नाही. वैनीनं तपेली घेतली. तिला वाचता येत नाही. तिनं बुडावरच्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं.

"तिला कवा सांगितलंसा?"

"न्हाई सांगितलं."

"ती असती तर तुमची आज धडगत नव्हती, भाऊजी."

"व्हय."

"माझ्याकडनंबी न्हाई." तिनं माझ्या सुजलेल्या हाताकडं बघितलं, तपेली परत दिली आणि आपली घागर पायानं बाजूला सारली. "भरा."

मी तपेली भरून घेतली आणि वैनीच्या उंबऱ्यात नेऊन ठेवली.