एकसष्टाव्या वर्षी स्वतःची जीभ

एकसष्टाव्या वर्षी स्वतःची जीभ पहिल्यांदा पाहिलेला माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात एकच असेल, आणि तो माझा थोरला दीर आहे. तोवर जीभ नव्हती असं नाही. पण ती खालच्या दातांच्या आत बसून असायची, बाहेर कधी आली नाही. त्यामुळे आमच्या भाऊजींना र आणि ळ ही अक्षरं नीट म्हणता येत नसत. दुसरा कुणी लाजून गप्प बसला असता. भाऊजींनी त्या दोन अक्षरांनाच आयुष्यातून रजा दिली. न्हावा शेवा बंदरावर क्लिअरिंग एजंटकडे नोकरी करताना ते कंटेनरला ‘डबा’ म्हणत आणि ड्रायव्हरला ‘मामा’. “मामा, डबा आला?” असं दिवसभर चालायचं. शेवटी सगळं ऑफिसच डबा म्हणू लागलं, तेव्हा नव्या क्लार्कबाईंनी विचारलं, इथे एवढे डबे खातं कोण? केळी घ्यायची तर भाऊजी गाडीपुढे उभे राहून नुसतं बोट दाखवत. रिक्षात बसून ‘कळंबोली’ म्हणायला नको, म्हणून हातानेच समोर खूण करत आणि पेपर उघडत. एकदा एक नवा रिक्षावाला त्या हाताच्या दिशेने जात जात थेट ओवे गावात पोचला. तिथे भाऊजींनी पेपर मिटला आणि म्हणाले, “छान गाव आहे.” मग चहा पिऊन परत आले.

माझं माहेरचं नाव सरला. लग्नात ते बदलून सुनंदा ठेवायचं असा आग्रह थोरल्या दिरांचा होता. मला वाटायचं, माणूस हौशी आहे. खरं कारण कळायला मला तीस वर्षं लागली. जेवणाचंही तसंच. तोंडात जीभ फिरत नसल्याने काटा शोधता येत नसे, म्हणून जिताडा माशाचा तुकडा ते ताटात कस्टमवाल्यासारखा उघडून तपासत आणि काटे कडेने ओळीत मांडत. कुल्फी चमच्याने खात. घरातले याला ‘त्याची शिस्त’ म्हणत. मलाही शिस्त आवडते, त्यामुळे मी कधी चौकशी केली नाही.

मग आमची मुक्ता बाळंतपणाला माहेरी आली. मी फ्रिजवर तक्ता लावला होता: वेळ, बाजू, किती मिनिटं, ओले लंगोट किती. दहा दिवसांत तक्ता भरला, पण बाळ भरेना. तासभर प्यायचं, पिताना चट्चट् आवाज करायचं, दमून झोपायचं आणि अर्ध्या तासात भुकेने किंचाळायचं. मुक्ताला पाजून पाजून चिरा पडल्या होत्या. बाळ रडलं की तीही रडायची. सोसायटीतल्या बायका येऊन सांगून गेल्या, “दूध कमी आहे गं, अळिवाचे लाडू दे.” मी लाडूंसाठी तक्त्यात आणखी एक रकाना आखला. वजन तिथेच.

डॉक्टरबाईंनी हातमोजा घालून बाळाची जीभ वर उचलली. खाली एक पातळ पडदा ताणलेला होता आणि जिभेच्या टोकाला मधोमध खाच पडत होती. “टंग-टाय, म्हणजे जीभ खालून दोऱ्याने बांधलेली,” त्या म्हणाल्या. “जीभ पुढेच येत नाही, मग ओढणार कसं? वरच्या ओठाखालीही तसाच दोरा आहे, पण ओठ नीट वळतोय, त्याला हात लावायचा नाही.” भाऊजी पिशवी धरायला आले होते. ते वाकून बघत राहिले आणि एकदम ओरडले, “अहो, हे माझंच तोंड!” डॉक्टरबाईंनी त्यांनाही आ करायला लावलं आणि हातात आरसा दिला. भाऊजी स्वतःच्या जिभेकडे हरवलेलं पाकीट सापडल्यासारखे बघत होते. “या वयातही सोडवता येते,” बाई म्हणाल्या. “फक्त नंतर व्यायाम करावे लागतात.” बाळाला आठवडाभर पाजण्याची पद्धत बदलून बघू, नाहीच जमलं तर छोटासा छेद देऊ, असं ठरलं.

त्या आठवड्यात भाऊजींनी टॉर्च घेतला आणि पनवेल तपासायला काढलं. दूधवाला, वॉचमन, लिफ्ट दुरुस्त करायला आलेला माणूस, सगळ्यांना एकच हुकूम: “जीभ दाखव.” मासळी बाजारात नेहमीच्या कोळणीपुढे त्यांनी टॉर्च धरला, तर ती कोयता खाली ठेवून म्हणाली, “आरं दादा, माजी जीब किती लांब हाय ती आक्क्या बाजाराला ठावं हाय! तुला बत्ती कशाला लागते?” तरी जिभेखाली दोरा असलेल्या चौदा जणांची यादी झालीच. यादी बघून मला क्षणभर अभिमान वाटला. डॉक्टरबाईंनी मात्र ती घडी घालून परत दिली. “जीभ तिचं काम करत असेल तर दोरा कापायचा नसतो, काका. त्रास कोणाला आहे ते बघायचं.”

त्रास बाळालाच होता. पद्धत बदलूनही वजन हलेना. पण मुक्ता अडून बसली. “एवढ्याशा जिभेला कात्री? नाही म्हणजे नाही!” मी कागदावर फायदे-तोटे लिहून दिले, ते तिने वाचलेही नाहीत. भाऊजी चप्पल घालून दारात उभे राहिले. “आधी माझी जीभ कापा. मग त्याची.”

मोठ्या माणसाचं काम मोठं असतं. इंजेक्शन, लेझर, दोन टाके. आम्ही बाहेर बसलो होतो. भाऊजी तोंडात बोळा घेऊन बाहेर आले आणि माझी वही मागून घेतली. लिहिताना र आणि ळ यांची अडचण नसल्याने मजकूर लांबलचक होता: ‘मुक्ता, अजिबात घाबरू नकोस. मुंगी चावल्यासारखं वाटतं. बाळाला तर कळणारही नाही.’ मुक्ताने तो दोनदा वाचला. मग तिने बाळ डॉक्टरबाईंच्या हातात दिलं. मी वहीत वेळ टाकेपर्यंत ते रडत रडत परतही आलं. तिने लगेच पदराखाली घेतलं. चट्चट् नाही. नुसता घोट घेतल्याचा आवाज. मुक्ता माझ्याकडे बघून म्हणाली, “आई, दुखत नाहीये.” भाऊजींची मुंगी मात्र पुढे तीन दिवस चावत होती. ते थंड दहीभात खात होते आणि मुक्ता खोलीत आली की हसून दाखवत होते.

मग व्यायाम सुरू झाले. जीभ टाळूला, जीभ बाहेर, जीभ डावीकडे, उजवीकडे. उजेड हवा म्हणून हे सगळं गॅलरीत. चौथ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज आला: ‘तिसऱ्या मजल्यावरील ज्येष्ठ सदस्यांनी समोरच्या इमारतीस जीभ दाखवू नये.’ भाऊजींनी उत्तर टाकलं, ‘ही वैद्यकीय जीभ आहे.’

महिन्याभराने बाळाचं वजन माझ्या तक्त्याच्या रेषेवर आलं. त्या दुपारी मुक्ता झोपली होती आणि पोट भरलेलं बाळ भाऊजींच्या मांडीवर होतं. त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब होता. तो बोटाने पुसत भाऊजी हळूहळू, एकेक अक्षर जागेवर ठेवत बोलले, “सुनंदा, माझ्या वेळी सगळे आईला म्हणाले, हिला दूधच नाही. मला शेळीच्या दुधावर वाढवलं. पहिल्या पोराला मी उपाशी ठेवलं, असं ती शेवटपर्यंत म्हणायची.” बाळाला खांद्यावर घेत म्हणाले, “दूध होतं गं. तिला कुणीतरी सांगायला हवं होतं.”

सासूबाई वाढायला बसल्या की भाऊजींच्या ताटात भाताचा एक घास नेहमी जास्त पडायचा, ते पुरे म्हणाले तरी पडायचा. इतकी वर्षं मी समजत होते, थोरला म्हणून लाडका आहे.