ओठांवरचं इंग्रजी

भिवंडीहून वज्रेश्वरीला जाणाऱ्या संध्याकाळच्या एस.टी.त एक वयस्कर यंत्रमाग कामगार रोज माझ्या समोरच्या आडव्या बाकावर बसत. शिफ्ट संपवून आलेले, भुवयांवर कापूस, आणि बोलणं असं की पलीकडच्या शेतातल्या माणसाला हाक मारताहेत. लूमच्या खडखडाटात वर्षं काढली की कान जातात. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही.

मी तेव्हा कॉलेजच्या प्रवेश परीक्षेला दुसऱ्यांदा बसत होते. पहिल्या खेपेला इंग्रजीच्या तोंडी परीक्षेनं मला पाडलं होतं. बसमध्ये मी धडा पुटपुटायचे, पण कुणी हसेल म्हणून तोंड जवळजवळ मिटूनच.

एक दिवस ते म्हणाले, "बाय, तू वाचत न्हाय, गिळतेस. लूमवर आमाला आवाज येत न्हाय, आमी एकमेकांचे ओठ बघून बोलतो. तुजे ओठ हलतच न्हाईत."

इंग्रजी त्यांना येत नव्हतं. तरी त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे तोंड करून वाचू लागले. शब्द ओठांत अडला की ते स्वतःच्या हनुवटीला बोट लावत आणि मी तो पुन्हा म्हणायचे. बसमधले हसणारे आधी हसले, मग कंटाळले.

या खेपेला तोंडी परीक्षेत "पुन्हा बोला" असं मला कुणी म्हटलं नाही.

निकालाच्या संध्याकाळी बस खच्चून भरली होती. दारातूनच, आवाज न काढता, मी त्यांना सांगितलं, "मिळाला प्रवेश." माझे ओठ वाचून ते शेजाऱ्याला म्हणाले, अख्ख्या एस.टी.ला ऐकू जाईल असं, "आपली बाय कालेजात चालली."