फौजेशी सोयरीक

आमच्या घरात फौजेत जायची धमकी एकदाच दिली गेली, आणि ती मी दिली.

कारण होतं सायकल. निजामाचं राज्य होतं, बाहेर कुठंतरी मोठी लढाई पेटली होती, आणि परंड्याजवळच्या आमच्या खेड्यात एकच सायकल होती. ती पटवाऱ्याची. तसलीच मला हवी होती. वडील मी लहान असतानाच गेले, त्यामुळे घरात शब्द चालायचा तो थोरल्या चुलत्यांचा, म्हणजे आबांचा. आबा म्हणाले, "देवानं दोन पाय दिल्यात, ते आधी झिजव." मी एकोणीस वर्षांचा! ताट सरकवलं आणि ओरडलो, "मग म्या फौजेतच जातो!"

आता आई रडणार, आत्या पदर तोंडाला लावणार, आबा नरमणार, आणि आठवड्याच्या आत सायकल दारात, अशी माझी अटकळ. पण आबा भाकरी मोडता मोडता म्हणाले, "बरं. ऐतवारी परंड्याच्या बाजारात इंग्रजाच्या फौजंचं भरतीवालं येत्यात. बघून येऊ."

बघून येऊ! आबांनी भावकीतली अकरा लग्नं जमवली होती. घरचं माणूस बाहेर द्यायची त्यांना तेवढी एकच रीत ठाऊक. "पोरगं द्यायचं म्हंजे समोरचं घर बघाय नगं व्हय?" असं म्हणून त्यांनी पिशवीत नारळ-सुपारी टाकली, ठेवणीतला फेटा बांधला, आणि रविवारी बैलगाडी निघाली. पुढं आबा, मागं आई आणि आत्या, मध्ये मी, तेल चोपडून भांग पाडलेला. आत्याचं म्हणणं होतं की तोंडाला थोडी पावडर लावावी. (ते मी हाणून पाडलं. त्या दिवशी माझ्या मनासारखी तेवढी एकच गोष्ट झाली.)

वाटेत मी पेचात पडलो. धमकी मागं घ्यावी तर आयुष्यभर हसं, न घ्यावी तर लढाई! मग एक युक्ती सुचली. आईच्या कानाशी लागलो. "तिथं उठायचं कवा, ते इचार. खायाला काय देत्यात, ते इचार. धुणं कोण धुतं, ते बी इचार." फौजेची उत्तरं ऐकली की आई माझ्या बखोटीला धरून मला परत आणणार, याची मला खात्री होती.

किल्ल्याच्या खंदकापाशी तंबू होता. बाहेर खुर्चीवर हवालदार, मुरुमकडचे, भरघोस मिशांचे. आबांनी रामराम घातला, घोंगडी पसरली आणि बैठक मारली.

"घरात मान्सं किती?"

हवालदार गडबडले. "कुणाच्या?"

"तुमच्या. फौजंच्या."

"लाखांनी हायती."

"समदी एकत्रच? वाटणी न्हाय झाली?"

"न्हाय."

आबांनी आत्याकडं अर्थपूर्ण पाहिलं. आमच्यात तीन भावांचं एका चुलीवर जमत नव्हतं.

"पगार आपल्या निजामाच्या हाली शिक्क्यात का कलदार?"

"कलदार."

इंग्रजी कलदार रुपयाचं नाव ऐकून आबांनी मिशीवरून हात फिरवला. एव्हाना बाजार करायला आलेली माणसं भोवती जमली होती. मी मान खाली घालून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होतो.

मग आई पुढं झाली. "सकाळी उठत न्हाय ओ ह्यो."

"बिगुल वाजतो आई, पाचाला. तरी बी न्हाय उठला, तर पाठीवर वझं देऊन मैदानाला चकरा मारायला लावतो."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मनात म्हटलं, जमलं!

"देव भलं करो तुमचं," आई म्हणाली. "म्या एकली वरडून वरडून घायकुतीला आले."

"आन् वांगं खात न्हाय," आईनं पुढं सांगितलं.

"चार दिसांत खातो."

"धुणं?"

"ज्याचं त्यानं."

"ह्यो धुणं धुणार?" आत्या हसत हसत गाडीच्या चाकाला टेकली. "आन् गुंडी तुटली तर?"

"सुई-दोरा देतो. सवता लावायची."

"वयनी," आत्या आईला म्हणाली, "असलं घर पुन्यांदा मिळायचं न्हाय!"

माझा शेवटचा आधार आमची देवी येडाई. "येरमाळ्याच्या जत्रंचं इचारा की!" मी आबांना कळवळून म्हणालो. आबांनी विचारलं.

"रजा टाकायची. येताजाता रेल्वे फुकट."

आबांनी पिशवीतून नारळ काढला. मी विचारायला लावलेला एकेक प्रश्न मला सरळ लढाईवर नेऊन सोडत होता!

तेवढ्यात आईनं एक प्रश्न विचारला. तो मी शिकवलेला नव्हता.

"आन् गोळी लागली तर?"

हवालदार खुर्चीवरून उठले. मग म्हणाले, "लागते, आई. खोटं कशाला बोलू? माझ्या धाकट्या भावाला लागली."

आबांनी नारळ खाली ठेवला. आई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "तूच सांग बाबा. न्हाय म्हन, आत्ता घरी जाऊ. आन् भावजी, ह्येला सायकल घ्या."

"घेऊ," आबा म्हणाले.

घेऊ! मी जिंकलो होतो. फक्त 'न्हाय' एवढं म्हणायचं होतं. मी तोंड उघडलंसुद्धा.

पण हवालदार मनाचे चांगले. आमची सुटका सोपी करावी म्हणून हसून म्हणाले, "जावा आई, निवांत जावा. नुसतं बघून कळतंय, पोराची छाती दोन बोटं कमी भरतीय. आमी तरी कुठं घेतोय?"

बाजार फिदीफिदी हसला. मागून कुणीतरी ओरडलं, "पटवाऱ्याचा पंप आना रं, हवा भरू!"

आणि माझ्या तोंडातून शब्द गेला, "मोजा!"

"मोजू नगा!" आई ओरडली.

"मोजाच!" मी सदरा काढला. हवालदारांनी फीत लावली. मी श्वास ओढला, आयुष्यात कधी ओढला नव्हता एवढा. डोळ्यांपुढं काजवे चमकले.

"सोड की रं!" आई रडकुंडीला येऊन म्हणत होती. "श्वास सोड म्हंते न्हवं!"

मी सोडला नाही.

"भरली," हवालदार हळू आवाजात म्हणाले. बाजारानं टाळ्या वाजवल्या. आई मटकन घोंगडीवर बसली. मला तिच्याकडं बघवेना.

लढाई संपल्यावर धडधाकट परत आलो. वांगी खात, पाचाला उठत, स्वतःचं धुणं धूत. आई म्हणायची, फौजेनं पोराला वळण लावलं. म्हणायची आणि डोळे पुसायची.

अजूनही गावची पोरं विचारायला येतात, "काका, भरती व्हायला काय लागतं?" मी म्हणतो, छाती लागते. पण घरी राहायला फक्त तोंड बंद ठेवता यावं लागतं, आणि ते मला जमलं असतं, तर त्या दिवशी सायकलवरून घरी आलो असतो.