मुलगी अनवाणी होती

ती घटना आठवली की आजही मला आधी त्या मुलीचे पाय आठवतात, हात नंतर. तेव्हा मी जळगावात उपनिरीक्षक होते. आता नोकरी सोडली आहे.

रुग्णालयातून खबर आली. पिंप्राळ्यातली सात वर्षांची मुलगी, नव्या कूलरचा शॉक, उजव्या हाताची तीन बोटं काढावी लागली. पेन्सिल धरता यावी म्हणून आणखी दोन शस्त्रक्रिया लागणार होत्या. आई धुळ्याकडची. जबाब देताना एकच वाक्य घोकत होती, "ताई, पोरगीना पायमा चप्पल नही व्हती."

मी लिहिलं, 'मुलगी अनवाणी होती.' खरंच होतं ते.

दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला गेले, तर घरात कोरा कूलर. दुकानदार सुटे भाग आणून स्वतःच कूलर जोडून विकायचा. सकाळीच शॉक लागलेला उचलून दुसरा ठेवून गेला होता. बाप हात जोडून म्हणाला, "देवमाणूस शे, म्याडम. पैसाबी नही लिधा." पंचनामा आदल्या दिवशीच करायला हवा होता. ती चूक माझी.

दुकानदाराला ठाण्यात बोलावलं. त्याने मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. "तो कूलर भंगारात दिला. आणि खानदेशात कोणी चपलेशिवाय कूलरला हात लावतं का, म्याडम? तुम्ही इंग्रजी शाळेतल्या वाटतं."

आमचे हवालदार हसले. "माझी बायको तर लाकडी पाटावर उभी राहून कूलरमध्ये पाणी भरते."

भंगारवाल्यांकडे काही मिळालं नाही. तिसऱ्या दिवशी एक मालवाहू रिक्षावाला ठाण्याच्या फाटकाशी घुटमळताना दिसला. आत बोलावलं. "तो कूलर मीच असोद्याला पोचवला, म्याडम. नवा मारलेला रंग ओला होता, शर्ट खराब झाला माझा."

असोद्यात एका घरी तो कूलर चालू होता, समोर पाळणा. टाकीखाली नेलपॉलिशचा लाल ठिपका सापडला. लग्नकार्यात भांडी बदलू नयेत म्हणून मुलीची आई घरातल्या प्रत्येक वस्तूला तो लावायची. तिथल्या बाईंना विचारलं, शॉक लागतो का?

"झिणझिण्या येतात थोड्या. चप्पल घालूनच पाणी भरते ना मी."

विद्युत निरीक्षकाचा अहवाल आला. पंपाची वायर सोललेली, पत्र्याला टेकलेली. गुन्हा दाखल झाला. आता भरपाई मिळणार, असं मी बापाला सांगून बसले.

बापाने ग्राहक आयोगात तक्रार केली. तिथे दुकानदाराच्या वकिलाने अहवालाचं नाव काढलं नाही. मी लिहिलेला जबाब वाचला. "मुलगी अनवाणी होती, पोलिसांनीच लिहिलं आहे." बाप घाबरला आणि बाहेर व्हरांड्यातच तडजोड करून मोकळा झाला. मिळालं त्यात एकच शस्त्रक्रिया होणार होती.

जबाबात खरं लिहिलं की आपलं काम संपलं, असं मी समजत होते. घरातल्या कूलरला हात लावायला मुळात चप्पल का लागावी, हे आईला, हवालदारांना, कोणालाच मी विचारलं नाही. मलाही तेव्हा ते सुचलं नव्हतं.

मुलगी त्या व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती. पायात रबरी चपला, मापापेक्षा मोठ्या. आई म्हणाली, "आते रातले गोधडीमा जपतानाबी चपला काढस नही."